शेंडकरसाहेबांचं नाजूक गवत

आमच्या गॅलरीतून कॉलेजचं सगळं मैदान दिसतं, आणि मी बघतेही. म्हणूनच मुलींच्या फुटबॉल फायनलला हे मैदान योग्य आहे का, हे ठरवायच्या बैठकीत संस्थेचे अध्यक्ष शेंडकरसाहेब यांनी मला साक्षीला बोलावलं. मैदान मिळालं नाही तर फायनल परगावी जाणार होती, आणि निम्म्या मुलींना घरचे तिकडे सोडणार नव्हते.

"गवत नाजूक आहे. बुटांनी उखडतं," साहेब म्हणाले. "विचारा या काकूंना!"

पुढच्या खुर्चीत मानानं बसवलं होतं मला. मी आपली मान हलवली.

कॅप्टन शमा मुजावर हात जोडून उठली. "मग साहेब, फायनल राहू दे. आम्हाला लग्नाला मैदान द्या. गेल्या महिन्यात तुमच्या चिरंजीवांच्या लग्नाला दिलं होतं तसं."

"लग्न कुणाचं गं?"

"अकरा जणी वराकडच्या, अकरा वधूकडच्या. मध्ये शिट्टीवाले भटजी. दीड-दोन तासांत उरकतो. मांडवाला खड्डे नाहीत, चुलाण नाही. वरातीचा घोडासुद्धा आणत नाही, साहेब."

सगळी बैठक खो-खो हसली. साहेबांची मान खाली गेली. "रविवारी घ्या," एवढंच ते पुटपुटले. माझी मान त्यांच्याहून खाली होती. त्या लग्नात जिलबी दोनदा मागून घेतली होती मी.

रविवारी गॅलरीत यायला तोंड नव्हतं, तरी आले. चेंडू ठेवायला मधोमध खूण आखावीच लागली नाही. माझ्या जिलबीच्या चुलाणानं गवत जाळून ती आधीच करून ठेवली होती.