उत्तरेकडच्या सळया

“मग बुवा, येताय ना?”

मंगळवार होता. मठीच्या ओट्यावर बुवा मेथी निवडत बसले होते. अच्युत मेढेकर स्कूटर चालूच ठेवून आत आला होता. हेल्मेटही डोक्यावरच.

“कुठे?”

“घरी. गच्चीवर. मंजुरी आली! सकाळी दाढी करत होतो, मोबाइल वाजला. तसाच निघालो.”

बुवांनी पाहिलं. उजव्या गालावर साबण वाळला होता.

“कसली मंजुरी?”

“सोलरची हो! आठ पॅनेल. शुक्रवारी माणसं येणार आणि बसवून जाणार.”

अच्युत तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. बारा वर्षं बुवांकडे येत होता. प्रश्न फार विचारायचा. उत्तरं बहुधा त्याला आधीच ठाऊक असायची.

“म्हणजे वर ऊन पडणार,” बुवा म्हणाले, “आणि खाली पंखा फिरणार?”

“हो.”

“आणि पंखा बंद असला तर?”

“वीज तारेतून बाहेर जाणार. दुसऱ्या कुणाच्या घरी.”

“आपल्या गच्चीवरचं ऊन दुसऱ्याच्या घरी!”

ऐंशीच्या घरातला माणूस मेथी टाकून टाळी वाजवत हसला. “मला बघायचंय. कसं चढवतात, कसं बांधतात, सगळं बघायचंय.”

“गच्ची तयार आहे. शेवाळ खरवडलं, भेगा भरल्या, वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. टाकी हलवली, डिश काढली, कुंड्या खाली नेल्या. आता फक्त...”

अच्युतने हेल्मेट काढलं.

“फक्त सळया राहिल्यात.”

“कसल्या सळया?”

“खांबांच्या. वर मजला चढवायचा होता, म्हणून स्लॅबच्या वेळी तीन खांबांच्या सळया कमरेएवढ्या वर ठेवल्या होत्या. माप घ्यायला आलेला माणूस स्पष्टच म्हणाला. पॅनेलवर सावली पाडणारं काही असलं तर बसवणार नाही, गाडी परत नेईन.”

“मग कापून टाक.”

“मी तयार आहे. संजीवनी कापू देत नाही.”

बुवांनी मेथी पुन्हा हातात घेतली.

मजला ऋजुतासाठी होता. अच्युत आणि संजीवनीची एकुलती मुलगी. गुरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. वर दवाखाना काढणार म्हणायची. गायी जिना चढतील का, असं बाप चिडवायचा. गायी खाली आणि मी वर, असं तिचं उत्तर असायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

“मी सोडलंय सगळं,” अच्युत म्हणाला. “तुमच्यापाशीच शिकलो सोडायला. पण ती अडकलीय, बुवा. तुम्ही समजावून सांगा तिला. तुमचं ऐकेल.”

“गुरुवारी येतो. सकाळी लवकर. आणि येताना कोळसा आणतो.”

“कोळसा कशाला?”

“तू आधी दाढी पुरी कर.”

गुरुवारी आठच्या सुमारास बुवा जिना चढले. मध्ये दोनदा थांबले, पण कुणाला हात धरू दिला नाही.

गच्ची उन्हात इतकी पांढरी दिसत होती की त्यांनी डोळ्यांवर हात धरला. पॅनेल जिथे येणार होती तिथे निळ्या खडूने आठ चौकटी आखल्या होत्या. दक्षिणेच्या दोन्ही कोपऱ्यांत सळयांचे जुडगे होते. तिसरा उत्तरेच्या एका कोपऱ्यात होता. उरलेल्या कोपऱ्यात जिन्याची खोली होती. मुनाफ वेल्डर सळया कापायचं मशीन मांडीवर घेऊन बसला होता.

आणि दक्षिणेच्या एका जुडग्यापाशी संजीवनी उभी होती. हाताची घडी घालून.

“या बुवा. मला सांगायला तुम्हालाच आणलं का यांनी?”

“मी पॅनेल बघायला आलोय,” बुवा म्हणाले. “कुठे आहेत?”

“उद्या येणार.”

“अरेरे! मग आज काय बघायचं?”

“सावली बघा,” अच्युत पुढे झाला. “डिसेंबर आहे, सूर्य दक्षिणेला कललेला. सावली उत्तरेकडे लांब पडते. हिला मी सगळं काढून दाखवलंय. कागदावर, कोनांसकट.”

“दाखवलंय ना,” संजीवनी म्हणाली. “शेवटी ‘समजलं का’ असंही विचारलंय.”

मुनाफने मान खाली घालून हसू दाबलं.

बुवांनी पिशवीतून कोळसा काढून अच्युतच्या हातात ठेवला. “मला कोन कळत नाहीत. आता सावली जिथे आहे तिथे रेघ ओढ.”

“बुवा, नुकताच रंग दिलाय!”

“ओढ.”

अच्युतने ओढली. तासाने पुन्हा ओढली.

बुवा पाटावर बसून होते, पण स्वस्थ नव्हते. “बघ, बघ, सरकली! बसल्या जागी सरकली!” ते दर थोड्या वेळाने ओरडायचे. आयुष्यभर त्यांनी सावली पाहिली होती, पण अशी धरून ठेवलेली पहिल्यांदाच.

शेजारच्या गच्चीवरून कुणी विचारलं, “काय सर, रांगोळी का?”

“उन्हाची!” बुवांनीच उत्तर दिलं.

अकरा वाजता संजीवनीने थालीपीठ आणून दिलं. बाराला ती खाली गेलीच नाही. एकला म्हणाली, “अहो, तुमची रेघ वाकडी येतेय. द्या इकडे.”

त्यानंतरच्या रेघा तिने ओढल्या.

चारला दोन्ही जुडग्यांपासून निघालेल्या काळ्या रेघा पंख्यासारख्या पसरल्या होत्या. संजीवनी चौकटीचौकटीतून फिरली. बोटं काळी, पदर कमरेला खोचलेला.

“आठांतल्या पाच.”

“आणि एकावर सावली पडली तरी सगळी ओळ मंदावते,” अच्युत म्हणाला. “मी तेच तर सांगत...”

“तुम्ही सांगत होतात. आता मला दिसलं.”

तिने सळयांवर हात ठेवला. उन्हाने तापल्या होत्या, तरी थोडा वेळ तसाच ठेवला.

“मुनाफभाई, घ्या कापून.”

मशीन ओरडू लागलं. ठिणग्या पांढऱ्या गच्चीवर उड्या मारत गेल्या. बुवा कानांवर हात ठेवून हसत होते. एक जुडगा आडवा झाला, मग दुसरा. मुनाफने बुडाशी सिमेंट लिंपलं. दक्षिण एकदम मोकळी झाली, इतकी की लांबचं चिंचेचं झाड थेट समोर दिसू लागलं.

“झालं!” अच्युत म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “दे मुनाफ, मशीन दे. शेवटचा मीच कापतो.”

तो उत्तरेच्या कोपऱ्यात गेला. बुवा आधीच तिथे जाऊन उभे होते. सळयांना पाठ टेकून, भिंतीला टेकावी तशी.

“बाजूला व्हा बुवा. ठिणग्या उडतील.”

“याच्या रेघा कुठे आहेत?”

अच्युतने खाली पाहिलं. तिथे गच्ची पांढरीच होती. एकही रेघ नव्हती.

“याची सावली... इथे पडत नाही. कठड्यावरून मागे जाते. परसात.”

“दिवसभर?”

“दिवसभर. पण आषाढात सूर्य उत्तरेला येतो. तेव्हा आत पडेल.”

“किती?”

“दुपारी... चार बोटं.”

“आषाढात ऊन असतं का रे?”

मुनाफ मोठ्याने हसला. संजीवनीही हसली. अच्युत हसला नाही.

“मग का कापतोस?”

“एवढंच एक ठेवायचं म्हणजे मोह ठेवल्यासारखं होईल. साफ करायचं तर सगळं साफ व्हायला हवं.”

“कुणाला?”

“मी वर येतच नव्हतो, बुवा.” अच्युतचा आवाज खाली आला. “दोन वर्षं. ही येऊन बसायची. मी नाही. शेवाळ काढायला माणूस लावला, तेव्हाही मी जिन्यातच थांबलो होतो. या दिसल्या की...”

मशीन अजून त्याच्या हातातच होतं. मुनाफने जाऊन पिन काढली.

संजीवनी नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. काळा हात तिने त्याच्या शर्टाला पुसला. त्याने पुसू दिला.

“या सळयांना लाल रंग मारून देतो, सर,” मुनाफ म्हणाला. “गंज धरणार नाही.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. अच्युतने तो कानाला लावला, ऐकलं, आणि क्षणात त्याचा आवाज पुन्हा चढला.

“गाडी भरली! उद्या आठला दारात!”

“आठला?” संजीवनी जिन्याकडे धावली. “किती माणसं आहेत विचारा. पोहे भिजवायला हवेत!”

“मी पण येणार,” बुवा म्हणाले. “मला एक पॅनेल हातात धरायचंय.”

“जड असतं हो बुवा!”

“मग नुसता हात लावीन.”

बुवा जिन्याशी पोचले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच मागून अच्युतने हाक मारली.

“बुवा... मजला तर आता होणार नाही.”

“नाही.”

“आणि उद्या ती माणसं विचारतील, या तेवढ्या सळया कसल्या म्हणून. मी काय सांगू?”

बुवा कठडा धरून वळले.

“सांग, मजला बांधायचा राहिला.”