चिंचेनं घासलेली चिंचपेटी

एका गावात एक तेलीण राहत होती. तिचं नाव गोजरा. घरात दिवसभर तेलाचा घाणा फिरायचा, पण जमिनीवर तेलाचा एक ओघळ दिसेल तर शपथ! गोजरेच्या हातात सदा चिंच, राख नाहीतर रांगोळी. तिच्या तांब्यात बघून अख्खी आळी भांग पाडायची. आता स्वच्छता चांगलीच हो, कोण नाही म्हणतंय! पण हिचा हात एकदा घासायला लागला की थांबायचं नावच घेत नसे.

त्या गावात एक रीत होती. नवरात्रात अष्टमीला देवीच्या गळ्यात एका घरचा दागिना घालायचा. दरवर्षी मान नव्या घराला. मात्र दागिना कोरा चालायचा नाही. कुणा बाईच्या अंगावर नांदलेला, लग्नाकार्यात मिरवलेला दागिनाच देवीला हवा. यंदा मान आला तेल्याच्या घराकडे, आणि गोजरेच्या गळ्यात मंगळसूत्राच्या दोन वाट्यांखेरीज सोन्याचा कण नव्हता.

“नवा बैल पुढच्या वर्षी घेऊ,” तेली म्हणाला, “देवीचा मान काही रोज येत नाही.”

मग बैलाचे पैसे घेऊन गोजरा गेली वैद्यकाकूंकडे. वैद्यबुवांची नजर गेल्यापासून त्यांचं औषध कुटणं बंद झालं होतं. माहेरचा एकेक दागिना विकून काकू संसार रेटत होत्या. त्यांच्या शब्दावर गावाचा विश्वास, म्हणून तर गिऱ्हाईक दारी यायचं.

काकूंनी मलमलीच्या फडक्यातून हिऱ्यांची चिंचपेटी काढली. जुनं लालसर सोनं, त्यात कोंदणात बसवलेले हिरे. नव्या दागिन्यासारखे ते डोळ्यांत घुसत नव्हते. सांजवातीसारखे मंद तेवत होते.

“ने बाई. पण ऐक. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, बस्स. पाणी लावायचं नाही. इतर दागिन्यांत टाकायची नाही, ओरखडे पडतात. आणि जुनं सोनं जरा मंदच दिसतं. दिसू दे!”

“हो काकू, हो काकू,” असं म्हणत गोजरा घरी आली. आणि लागले की तिचे हात शिवशिवायला!

“मंद कसलं? आज्या-पणज्यांच्या काळापासूनचा मळ आहे हा! देवीच्या गळ्यात असा घालायचा?” तिनं चुलीवर रिठ्याचं पाणी ठेवलं. चिंचपेटी त्यात चांगली उकळली. मग चिंच लावली आणि पदर खोचून घासली.

सोनं लखलखलं खरं. पण अगं बाई! हिरे पार विझले. एकेक हिरा तळलेल्या मासळीच्या डोळ्यासारखा पांढुरका झाला, आणि सोन्याच्या सांध्यांतून काळा चिकट रस गळायला लागला. गोजरेनं पदरानं पुसलं, तसा रस आणखीच पसरला.

तेली डोकावला. “अगं, दागिना होता का करपलेली कढई, इतकी घासायला?”

इतक्यात शेजारची ठकूबाई विरजण मागायला आली. चिंचपेटी बघून तिनं गालावर बोट ठेवलं. “या तर काचा! गोजरे, म्हातारीनं फसवलं की गं तुला!”

गोजरेनं तोंड उघडलं. पण मनात आलं, खरं सांगावं तर जन्मभर गाव हसणार. गप्प बसावं तर... ती गप्प बसली.

झालं! ठकूबाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. दिवेलागणीला सगळ्या गावात झालं, वैद्यकाकू काचा विकतात. वाण्याची बायको काकूंची नथ घेणार होती, तिनं तिथल्या तिथं नकार कळवला. हे गोजरेच्या कानावर आलं. आपल्या गप्प बसण्यानं दोन म्हाताऱ्या जीवांची चूल विझणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तरी तिनं चिंचपेटी फडक्यात गुंडाळली आणि दार लावून घेतलं.

अष्टमीला बायका देवळात जमल्या. पुजारीणबाई म्हणाल्या, “तेलीणबाई, आणा दागिना.”

“कसला दागिना!” ठकूबाई फिसकन हसली. “काचा आहेत त्या!”

बायकांच्या मागून वैद्यकाकू पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “मी काच विकली नाही,” त्या म्हणाल्या. “पण गोजरेचा मान माझ्यापायी जायला नको. देवीला माझी ही नथ घाला.” आणि त्यांनी नाकातली नथ काढायला हात वर केला.

मग मात्र गोजरेला राहवलं नाही. ती सगळ्यांसमोर मोठ्यांदा रडतच म्हणाली, “काढू नका काकू! हिरे खरेच होते. तुम्ही नको म्हणालात तरी मीच ते उकळले. चिंचेनं घासले! आणि लाज वाटली म्हणून तुमच्यावर आळ येऊ दिला.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग वैद्यकाकूच खुदकन हसल्या.

“अगं, मग रडतेस कशाला? हिरा काय चिंचेनं मरतो? त्याच्या पाठीमागे चांदीचा वर्ख असतो, म्हणून तो तेवतो. पाणी शिरलं, वर्ख काळवंडला. आतली लाख वितळली, ती गळाली. सोनार नवी लाख भरेल, नवा वर्ख घालेल. सोनाराकडे औषध आहे गं त्याचं. लोकांच्या बोलण्यानं गेलेलं नाव मात्र कुठला सोनार बसवून देणार होता? ते आज तू बसवून दिलंस.”

पुजारीणबाईंनी गोजरेच्या हातातली ती विझलेली चिंचपेटी तशीच उचलली आणि देवीच्या गळ्यात घातली. “नांदलेला दागिना हवा ना? तेलिणीच्या घरात तर दोन दिवसांतच भलताच नांदलाय,” त्या म्हणाल्या, आणि देऊळभर हसू पिकलं. सगळ्यांत मोठ्यानं गोजराच हसली. ठकूबाईनं तेवढा पदर तोंडावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वाण्याची बायको ओशाळून काकूंच्या दारी आली. “काकू, नथ देता का? आणि ती सांभाळायची कशी, तेही सांगा.”

“नथ देते,” काकू म्हणाल्या, “पण सांभाळायचं त्या गोजरेला जाऊन विचार. काय करू नये, हे तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नाही!”

तात्पर्य: जुनी वस्तू घ्याल तर तिची रीत जाणून घ्या आणि हाताला आवर घाला. इतकं करूनही काही बिघडलंच, तर ‘माझ्या हातून झालं’ हे चटकन सांगा. वस्तू पुन्हा दुरुस्त होते, पण आपल्या गप्प बसण्यानं दुसऱ्याचं नाव जाता कामा नये.