तुळशीरामदादांचा वस्तरा

आमच्या बोरवंडीत आळ्या दोन आणि पक्षही दोन. साथीच्या पहिल्या वर्षी दोन्हीकडची सारखीच माणसं गेली. मग लस आली. वरच्या आळीने ती घेतली. आमच्या खालच्या आळीला मात्र पुढारी अप्पासाहेबांनी बजावलं, "ही विरोधकांची सुई आहे. आपल्या पक्षाचा माणूस दंड उघडा करणार नाही!" तेव्हापासून तिरड्या आमच्याकडेच बांधल्या जाऊ लागल्या.

अप्पासाहेबांनी सभा बोलावली. "आपलीच माणसं का मरतात? हा वरच्या आळीचा कट आहे!" मग ते गावच्या न्हाव्याकडे वळले. "तुळशीराम, बाप गेला की दहाव्याला पोरांची डोकी तूच भादरतोस. सांग, खरं की नाही?"

तुळशीरामदादा सावकाश उठले. "अप्पासाहेब, पहिल्या वर्षी माझा वस्तरा दोन्ही आळ्यांत सारखाच फिरला. लस आल्यापासून वरच्या आळीत जेमतेम एकदा गेला. तुमच्या आळीत मात्र त्याची धार गेली. कटाचं मला काय कळतंय? पण दहाव्याला डोकं भादरून घेणारा मत देतो. ज्याचा दहावा असतो, तो देत नाही. विरोधकांना यंदा प्रचार कशाला हवा? तुमची मतं तुम्हीच घटवताय."

अप्पासाहेबांनी सभा तिथेच आटोपली. दुसऱ्या दिवशी लसीच्या रांगेत पहिले तेच होते. माझे वडील सातवे.

वडील आजही ओट्यावरून मला हाका मारतात. माझं डोकं भादरायचं राहिलं, ते दादांमुळे. केस कापून घेताना सगळेच मान वाकवतात. दादांपुढे मी ती खुर्चीत बसायच्या आधीच वाकवतो.