धाकूनं न नेलेला कोंबडा

फार वर्षांमागं, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे कातळवणं गाव, पलीकडे जाखाईचं देऊळ असलेली जाखवाडी, आणि मधे धाकू नावाड्याची एकच होडी. धाकू बोलायला तुसडा, पण हात असा की भर उधाणातही होडीतल्या म्हातारीच्या मांडीवरच्या लोट्यातलं दूध हिंदकळत नसे, असं म्हणतात.

त्याची एकुलती लेक शेवंती तापानं अगदी जायला टेकली होती. तेव्हा तो जाखाईला कोंबड्याचा नवस बोलला आणि पोर उठून बसली. तो कोंबडा त्यानं स्वतः दाणे टाकून वाढवला. जत्रेत द्यायचा होता.

जत्रेच्या तोंडावर खाडीत रानबदकं मरून पडू लागली. मग कातळवण्यातल्या कोंबड्यांची पाळी आली. तुरे निळे पडायचे, माना लोंबायच्या, सकाळी खुराडं उघडावं तर आत सगळं गार. लोक हादरले. म्हणाले, उरलेल्या मरायच्या आधी देवीला देऊन टाकू, निदान तिचा मान तरी पोचेल. डालग्यांत कोंबड्या घालून अख्खा गाव धक्क्यावर लोटला.

जाखवाडीत अजून एकही कोंबडी आजारी नव्हती. मधे फक्त खाडी होती, आणि खाडीवर फक्त धाकूची होडी. त्यानं वल्हं आडवं धरलं.

"माणसं नेतो. कोंबडं एकही नेणार नाही. हे दुखणं पलीकडे जायचं नाही."

लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. गावचा मानकरी बाळोजी पुढं झाला. "धाकू, नवस तुझाही आहे. तो राहिला तर देवी पोरीवर उलटेल. विचार कर."

पोरीवाचून धाकूला होतं कोण? तो घरी गेला नि कोंबडा घेऊन आला. कोंबडा दिसायला ठणठणीत. लोकांना वाटलं, आला वठणीवर. धाकूनं सगळ्यांदेखत त्याची मान मुरगळली, खोल खड्ड्यात ठेवून वर चुना टाकला आणि माती लोटली. मग देवळाकडे तोंड करून हात जोडले.

"आई, तुझं काय घेणं असेल ते माझ्याकडून घे. पोरीला हात लावू नकोस."

त्यानंतर कुणी हट्ट धरला नाही. घराघरातली मेलेली पाखरं त्यानं एकट्यानं गोळा करून पुरली. त्या दिवशी भरतीवर तरंगणारी पिसं मधूनच माघारी फिरली, एकही जाखवाडीच्या काठाला लागलं नाही, असं म्हणतात.

पुढं धाकूला ताप भरला. पलीकडे जत्रेचे ढोल वाजत असताना तो गेला. शेवंती मात्र पतवंडं बघून गेली.

आता खाडीवर पूल आहे. तरी कुठं कोंबड्यांत रोग आल्याचं कानावर आलं की कातळवण्याचे लोक आपली पाखरं झाकून ठेवतात, मेलेलं खोल पुरतात, पाय धुतल्याशिवाय खुराड्याशी जात नाहीत. त्या वर्षी जत्रेला निघालेला पहिला माणूस पुलाच्या तोंडाशी थांबतो आणि खाडीकडे बघून म्हणतो, "धाकूबाबा, कोंबडा घरीच ठेवलाय."

आणि मागची सगळी मंडळी धाकूबाबाला सांगतात, "पोर बरी आहे."