उतारूचा धोंडा

सांभाळून या, शेवाळ आहे. हां, अस्सं. मी बसलोय ना, तो हा काळा सपाट धोंडा बघा. हात फिरवा, कसा गुळगुळीत झालाय. कुणी घासला नाही हो, माणसं बसून बसून झालाय! आमच्या खारेवाडीत कुणी काम सोडलं की 'राजीनामा दिला', 'रिटायर झाला' असं म्हणत नाहीत. 'उतारू झाला' म्हणतात. ते का, ऐका.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या खाडीवर धाकू तांडेलाची होडी चालायची. अलीकडे गाव, पलीकडे पावणाईचं देऊळ. धाकूने म्हणे ऐन तरुणपणी देवीला शब्द दिला होता, अंगात जीव आहे तोवर वल्हं सोडणार नाही. आणि सोडलं नाहीच पठ्ठ्याने. वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, दरसाल जत्रेला अख्खं गाव नेलं. होडी पलीकडे टेकली की माणसं उतरायची आणि धाकू पुढच्या खेपेसाठी माघारी वळायचा.

पुढे त्याची नजर अधू झाली. एकदा त्याने होडी थेट खडकावर घातली, एक पोर बुडता बुडता वाचलं. पण 'आता थांबा' असं म्हाताऱ्याला सांगणार कोण? त्या काळी काम सोडलेल्या माणसाला इथे एकच शब्द होता, 'संपला'. आता जित्याजागत्या माणसाला तोंडावर संपला कसं म्हणायचं? धाकूही त्या शब्दाला फार भ्यायचा, असं सांगतात.

जत्रेचा दिवस आला. गावात पाहुणी आलेली देवीची पालखी पलीकडे परत न्यायची होती. पालखी होडीत ठेवली, माणसं जीव मुठीत धरून बसली. धाकूने वल्हं मारलं, तर होडी हलेना. चार गडी उतरून ढकलून दमले, तरी ढिम्म! धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, माझं काय चुकलं गं?"

तेव्हा त्याची सून येसू पदर खोचून पुढे आली. वल्हं मारायला ती त्याच्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, "मामंजी, चुकलं काही नाही. आई रुसलीय. म्हणते, साऱ्या गावाला माझ्या दारी आणलंस, तू कधी येणार?"

खरंच की! जन्मभर जत्रेचे ढोल धाकूने पाण्यातूनच ऐकले होते.

"आणि मी दिलेला शब्द?"

"वल्हं जातंय कुठे? घरातच राहतंय. द्या इकडे, आणि बसा उतारूंत."

उतारू होडीची वाट बघत या धोंड्यावर बसायचे. धाकू आयुष्यात पहिल्यांदा इथे टेकला. थोड्या वेळाने येसूने हाक दिली, "चला, उतारू!" तो उठून होडीत बसला आणि होडी अलगद सुटली.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, ओहोटीला गाळात रुतली असेल, भरती लागली तशी सुटली. असेल बुवा! पण अख्खा जन्म खाडीत काढलेल्या धाकूला भरती-ओहोटी कळत नव्हती होय? ते रडू होडीसाठी नव्हतंच. त्याला कुणीतरी 'या' म्हणायला हवं होतं, एवढंच.

त्या दिवशी त्याने देवीला नारळ दिला, पोटभर खाजं खाल्लं आणि पाळण्यात बसला. पाळणा वर गेल्यावर असा काही किंचाळला म्हणे, की इथवर ऐकू आलं.

आजही आमच्याकडे काम सोडणाऱ्याला या धोंड्यावर बसवतात. मग मास्तर पोरांच्या बाकावर बसतात, न्हाव्याची दाढी नवा न्हावी करतो. देवळातली आचारीण उतारू झाली, तेव्हा तिला पहिल्या पंगतीला बसवलं. नव्या बाईच्या आमटीला नावं ठेवत ती दोनदा भात मागून जेवली.

बरं, मी मघापासून धोंड्यावरून उठलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? इतकी वर्षं होडीत उभा राहून मी पाहुण्यांना सगळं दाखवत आलो. आज माझी पाळी. देवळाची गोष्ट आता माझी पुतणी प्रणिता सांगेल. ती बघा, होडीत उभी राहून घसा साफ करतेय. घाबरलीय पोर, आणि खरं सांगू, मीही घाबरलोय.

ऐकलंत? "चला, उतारू!"

चला चला. सरका हो जरा, मलाही बसू द्या.