बुवांनी नेमकं काय खाल्लं?

एका गावी एक पखवाजी बुवा राहत असत, आणि बुवांच्या पोटात कर्करोगाची गाठ राहत असे. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "फार उशीर झाला. आता कापताही येणार नाही, औषधंही सोसणार नाहीत." बुवा घरी येऊन मरणाची वाट पाहत बसले. वर्ष सरलं. मरण काही आलं नाही. उलट गाठच निघून गेली. डॉक्टरांनी तीनदा तपासलं आणि कागदावर लिहिलं : कारण ज्ञात नाही.

गावाला मात्र ज्ञात होतं. गावाला काय ज्ञात नसतं! कोणी म्हणे पुण्याई, कोणी म्हणे कारल्याचा रस.

एके दिवशी बुवांचा शिष्य तालमीला आला, पण पखवाज पुढे ओढलाच नाही.

"बुवा, माझ्या अक्काच्या छातीत गाठ निघाली. तीच, कर्करोगाची. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलीय, बरी होईल. पण ती ऐकत नाही. म्हणते, कापाकापी नको, बुवांनी खाल्लं तेच आणून दे."

बुवांनी पखवाजाच्या डाव्या तोंडावर नाद भरण्यासाठी थापलेली कणीक खरवडली, गोळा वळला आणि शिष्याच्या पिशवीत टाकला.

"हे खाल्लंत?"

"वर्षभर. तालीम संपली की तव्यावर भाजून. वाया कशाला घालवायची?"

शिष्य हरखून उठला.

"थांब की लेका!" म्हणत बुवांनी तपकिरीची डबी पिशवीत टाकली. मग फाटकी गोधडी. मग एक चप्पल. मग मांजरीला कोंबू लागले, तेव्हा तिने शिष्याला बोचकारलं.

"बुवा, हे काय चाललंय?"

"ही माझ्या उशाशी झोपायची. त्या वर्षी घरात जे जे होतं, ते सगळं ने. यातल्या कशानं गाठ गेली, की कशानंच नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर एक पुडी बांधून दिली नसती? आणि हीच कणीक शेजारचे अण्णाही खायचे, त्यांच्या गाठीसाठी. विचारतोस त्यांना?"

अण्णांच्या तेराव्याला शिष्यानेच पंगत वाढली होती. तो खाली बसला.

बुवा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या तोंडावर दार बंद झालं होतं, बाळा. कोणी तरी खिडकीतून आत ओढून घेतलं. कोणी, ते दिसलं नाही. अक्काला दार सताड उघडं आहे. तिला खिडकीखाली कशाला उभी करतोस?"

शिष्याने पिशवी तिथेच रिकामी केली आणि घरी जाऊन अक्काला सगळं जसंच्या तसं सांगितलं, मांजरीसकट.

गुरुवारी अक्का ऑपरेशनला गेली. बुवाही गेले, ती फाटकी गोधडी काखेत मारून.

"औषध म्हणून नव्हे हो," ते अक्काला म्हणाले, "तिथला पंखा फार जोरात फिरतो."