मोजणीची दोरी आणि बाभळीचं बन

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राजे स्वतः शेतं बघायला बांधावर यायचे. मुलांनो, हसू नका. मोठ्यांनीही हसू नये, खरंच यायचे.

असाच एक राजा होता, मनानं चांगला. राज्यात ज्वारी कमी पिकते हे पाहून त्यानं दवंडी पिटवली: जो ज्वारी पेरील, त्याला पेरलेल्या रानाच्या मापानं सरकारी कोठारातून धान्य मिळेल. मोजणीदार दोरी घेऊन गावोगाव फिरू लागले. या बांधापासून त्या बांधापर्यंत दोरी सरळ ताणायची, असा नियम. मध्ये कुठं अडली, तर त्या शेताला काहीच नाही.

एका गावात शेतोशेती बाभळी होत्या. लोकांनी कुऱ्हाडी काढल्या आणि पाहता पाहता सगळं रान मोकळं केलं.

फक्त गोजरा नावाच्या बाईच्या शेतात मधोमध बाभळीचं बन उभं राहिलं. तिचा एक बैल उन्हाळ्यात मेला होता. कोठारातलं धान्य मिळालं असतं, तर ते देऊन दुसरा बैल घेता आला असता. म्हणून नवऱ्यानं कुऱ्हाड उचलली, तशी ती आडवी आली.

"अवो, थंडीच्या तोंडावर भोरड्या येत्याल. दरसाल त्या लांबच्या मुलखातनं येऊन हितंच उतरत्यात. आल्या आन् बसायला जागा नसली, तर कुठं जात्याल?"

"पाखरांची काळजी हाय. आन् बैलाचं काय?"

गोजरा बनाच्या पुढ्यातून हलली नाही. नवऱ्यानं बनाकडं बघितलं. मग कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "बरं. मी हाय की."

पेरणीला त्यानं बैलाच्या जोडीला जुवाला स्वतःचा खांदा लावला आणि गोजरानं पाभर धरली. बांधावरून लोकांनी यथेच्छ टिंगल केली. मोजणीदारानं काट्यांत अडकलेली दोरी सोडवली आणि तो पुढच्या शेताकडं गेला.

ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि नाकतोडे आले. एवढे आले, की पानं दिसेनात. लोकांनी धूर केला, थाळ्या बडवल्या, पण कुरतडण्याचा आवाज थांबेना. आपल्या धान्याचं चीज झालेलं बघायला राजा नेमका त्याच दिवशी आला आणि बांधावर हताश उभा राहिला.

एवढ्यात गोजराच्या बनातून, आदल्याच रात्री येऊन उतरलेल्या भोरड्या उठल्या. किती, ते मला सांगता येणार नाही. ऊन झाकलं आणि शेतांवर सावली पडली. तो अख्खा थवा आभाळात एकदम वळायचा, दाटायचा, पसरायचा, पण एक पाखरू दुसऱ्याला धडकत नव्हतं. मग एका शेतावर उतरायचा, तिथले नाकतोडे टिपायचा आणि पुढच्या शेतावर जायचा. लोकांच्या थाळ्या हातातच राहिल्या. माणसं भारावून नुसती बघत होती. संध्याकाळी कुरतडण्याचा आवाज बंद झाला. राजानं पागोटं कधी उतरवून हातात घेतलं, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"हे सैन्य कुणाचं?" त्यानं हळूच विचारलं.

"कुनाचंच न्हाय, महाराज," गोजरा म्हणाली. "पाव्हनी हाईत. आमच्या बनात उतरल्यात."

"त्या बनाबद्दल कोठारातून काय मिळालं तुला?"

"काय न्हाय. दोरी अडली नव्हं."

राजानं सोबत आलेल्या मोजणीदाराच्या हातून दोरी घेतली आणि स्वतः बनाभोवती फिरवली. हातांना काटे लागले तरी तो थांबला नाही. त्या मापाचं धान्य त्यानं गोजराला दिलं, वर एक बैल दिला, आणि इथून पुढं शेतातली झाडं आधी मोजायची, असा हुकूम काढला.

गावानं पुन्हा बाभळी लावल्या. ज्वारी भरल्यावर भोरड्यांनी थोडी कणसंही खाल्ली, पण त्या वर्षी कुणी गोफण उचलली नाही.

बोध: जे आपल्या मापात बसत नाही, त्याला कवडीमोल समजू नये, कधी कधी बाकी सगळं त्याच्याच जिवावर उभं असतं.